दिवळीतली गुंतवळ

आई, तुझ्या जावेनं माझ्या पोटात केस घातले नव्हते. ते मी खाल्ले होते. मीच, माझ्या हातानं, न्हाणीच्या भिंतीतल्या दिवळीतून काढून. घे, लिहिलं एकदाचं. तू समोर असतीस तर आधी थोबाडीत दिली असतीस आणि मग विचारलं असतंस, काय म्हणालीस गं? आणि मी नेहमीसारखी ‘काय न्हाई’ म्हणून गप्प झाले असते. तू नाहीस म्हणून हे जमतंय. तुला जाऊन वर्षं लोटली, माझं डोकं पांढरं व्हायला लागलं, अंगणवाडीतली पोरं मला बाई म्हणतात, त्यांच्या आया मला अडलंनडलं विचारतात, आणि हे एवढंसं वाक्य लिहायला मी सकाळपासून तीन कागद फाडले. त्यात तुला वाचता येत नव्हतं. म्हणजे हे पत्र नेमकं कुणासाठी आहे, हाही घोळच आहे. पण काकीनं सांगितलंय, तुझ्या आईला सांग म्हणून, तेव्हा सांगते. हो, त्याच काकीनं. मी तिच्याकडं जाऊन आले. चिडू नकोस, पुढं ऐक.

आपलं भोंगवलीचं घर आठव. मागच्या दाराशी न्हाणी, आणि न्हाणीच्या भिंतीत विटेएवढी दिवळी, दिवा ठेवायला केलेली, पण तिच्यात दिवा मी कधी पाहिला नाही. तिच्यात केस असायचे. तू आणि काकी, दोघी जावा, डोक्यावरून पाणी घेतलं की मागच्या पायरीवर ऊन खात बसायच्या आणि एकमेकींचे केस विंचरायच्या. फणीत आलेले केस तू बोटाला गुंडाळायचीस, त्यावर थू करायचीस आणि दिवळीत खुपसायचीस. केस पायदळी येऊ नयेत, कुणाच्या हाती लागू नयेत, हे तू मला किती वेळा बजावलंस. उजवीकडं तुझी गुंतवळ, डावीकडं काकीची. तुझे केस गुडघ्याला टेकायचे, काकीचे कुरळे आणि थोडके. दोन-तीन महिन्यांनी केसवाली बाई पाटी घेऊन यायची, गुंतवळ हातात तोलून बघायची आणि तिच्या बदल्यात सुया, फण्या, काळी पोत द्यायची. आता मोटरसायकलवर भोंगा लावून येतात, ‘केसावर भांडी’ म्हणत. तो भोंगा ऐकला की अजून माझ्या तोंडाला पाणी सुटतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सांगितलं तर लोक काय म्हणतील, ते तुला कळतंच.

पहिल्यांदा कधी खाल्ले, ते मला आठवत नाही. शाळेत जायला लागले होते एवढं नक्की, कारण हातात पाटी असल्याचं आठवतं. दुपारची वेळ, तुम्ही सगळी घेवड्याच्या तोडणीला गेलेली, घरात मी एकटी. मी पायरीवर उभी आहे, टाचा उंचावून. हात दिवळीत घालते आणि उजवीकडची गुंतवळ काढते. नेहमी उजवीकडची, तुझी. तिला खोबरेल तेलाचा आणि शिकेकाईचा वास आहे. एक एक केस सोडवायचा, दातांमध्ये धरून ओढायचा, जिभेवर गोळा करायचा आणि गिळायचा. चव काही नसते. लोकांना वाटत असेल, आवडत असेल म्हणून खात असेल. आवडायचं का? तेही नाही सांगता येत. खाताना डोकं गार व्हायचं, एवढंच. बाहेर कोण ओरडतंय, घरात कोण कुणाला काय बोललं, काही ऐकू यायचं नाही. आणि संपलं की लगेच भीती. मग उरलेली गुंतवळ फुगवून, मोकळी करून परत खुपसायची, म्हणजे कमी झालेली दिसू नये. एवढी अक्कल होती बघ मला, आणि खायचं नाही एवढी मात्र नव्हती. पुढं पुढं माझेही केस तोडायला लागले, कानामागचे. तिथं टक्कल पडलं तेव्हा तू म्हणालीस, चाई लागली. कांदा चोळायचीस रोज, आग आग व्हायची. मी रडायचे आणि तू म्हणायचीस, जरा सोस, केस येतील. आले की मी ते तोडायचे. तुझा कांदा आणि माझे हात, दोघं एकाच जागेवर राबत होते.

मग केसवालीनं घोळ केला. त्या दिवशी तिनं तुझी गुंतवळ तोलली आणि नाक मुरडलं. म्हणाली, “एवढं लांब केस तुमचं, अन् गुंतवळ मूठभर बी न्हाई? कुणाला देताय काय?” ती गेली, पण तुझ्या डोक्यात किडा सोडून गेली. तू दिवळी पाहिलीस. काकीची गुंतवळ जशीच्या तशी, तुझीच कमी.  त्या दिवसापासून तू काकीला केस विंचरू दिले नाहीस. ती फणी घेऊन मागं यायची आणि तू म्हणायचीस, राहू दे, माझं मी करते. काकी तशीच फणी धरून उभी राहायची. मी ते पाहत होते, आई. मला सगळं कळत होतं आणि काहीच कळत नव्हतं. वाटायचं, दोन दिवस खाल्लं नाही की गुंतवळ वाढेल आणि तुम्ही पुन्हा बोलायला लागाल. मी दोन दिवस नाही खाल्लं. तिसऱ्या दिवशी खाल्लं.

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. जेवण तुटलं, घास गेला की उलटी. हातापायाच्या काड्या आणि पोटात वरच्या बाजूला दगडासारखा गोळा. दादांनी लेकीला, म्हणजे मला, खांद्यावर घालून देवऋष्याकडं नेलं. त्यानं पोटावर हात फिरवला, डोळे मिटले आणि म्हणाला, “घरातल्याच बाईनं खाण्यातनं घातलंय. कायतरी काळं हाय आत.” तू तिथंच कपाळ बडवून घेतलंस. मग आपण सारोळ्याला आलो, हायवेवर हात करून टेम्पो थांबवला, आणि पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी पोट फाडलं. तुम्हाला बाहेर बोलावून ट्रेमध्ये गोळा दाखवला, हे मला दादांनी पुढं सांगितलं. काळाकुट्ट, पोटाच्याच आकाराचा, घाण वास मारणारा, केसांचा. आणि डॉक्टर म्हणाले, मुलगी केस खाते. तू म्हणालीस, “माझी पोरगी केस खाईल? ती काय जनावर हाय?” तुला डॉक्टरांचं पटेना. कसं पटावं? देवऋषी म्हणाला होता काळं निघेल, आणि काळंच निघालं. दिवळीतले तुझे केस गेले होते, आणि लेकीच्या पोटातून केस निघाले. तुझा हिशोब चुकला असं आजही मी म्हणू शकत नाही. तुझ्या जागी मी असते तर माझाही तोच झाला असता. त्या हिशोबात फक्त मी नव्हते.

तू मला विचारलंस. तेवढं तू केलंस, आणि म्हणूनच मी आज अडकलेय. मी खाटेवर, पोटाला पट्टी, तोंड कोरडं. सकाळची वेळ, खिडकीतून ऊन आलंय. तू वाकून माझ्या कानाशी तोंड आणतेस आणि हळूच विचारतेस, “बाय माझी, खरं सांग. तू खाल्लंस का? मी न्हाई मारणार.” आणि मी म्हणते, “न्हाई.” “मग काकीनं दिलं का कधी काय खायला?” मी म्हणते, “लाडू दिला हुता.” काकीनं लाडू दिला होताच, आई. शेंगदाण्याचा. खोटं नव्हतं ते. पण तू तिथंच डोळे पुसलेस आणि उठून दादांना सांगायला गेलीस.

घरी आलो आणि महिन्याभरात चूल वेगळी झाली. काकीला पोरबाळ नव्हतं, त्यामुळं लोकांना सोपं गेलं. स्वतःला न्हाई म्हणून दुसरीच्या पोरावर उठली, असं पाणवठ्यावर, पारावर, गिरणीत. काकांनी भांडण केलं नाही. ते एवढंच म्हणाले, “हितं ऱ्हाऊन तिचा जीव जाईल,” आणि काकीच्या माहेरी, वेल्ह्याकडं जायचं ठरवलं. सासुरवाडीत घर करून राहिलेला पुरुष म्हणजे काय, ते तुला माहीत आहे. जाताना काकीनं पत्र्याची पेटी डोक्यावर घेतली आणि एकदा मागं वळून पाहिलं. तू दार लावून घेतलंस. मी तुझ्या कडेवर होते. एक विचारू? तुला खरंच वाटत होतं का गं, की तिनं केलं? का तुला वेगळं व्हायचंच होतं कधीपासून आणि माझं पोट निमित्ताला बरं सापडलं? कधी वाटतं, तू मनापासून घाबरली होतीस. कधी वाटतं, तुलाही आत कुठं तरी ठाऊक होतं, आणि आपण मायलेकी एकमेकींना झाकत होतो. मला ठरवता येत नाही. ठरवलं की दुसऱ्या दिवशी उलटंच खरं वाटतं.

ऑपरेशननंतर मी केस खाल्ले नाहीत. दिवळी तू चिखलानं लिंपून टाकलीस, तेही एक कारण असेल. पण तोडणं सुटलं नाही. अजूनही कानामागं बोटभर जागा मोकळी आहे, मी त्यावर केस ओढून अंबाडा घालते. रजिस्टर भरताना, बैठकीत साहेब बोलत असताना, हात कधी तिकडं जातो कळत नाही. कळतं तेव्हा दोन केस चिमटीत असतात. मी त्यांच्याकडं बघते, मुळाशी पांढरा ठिपका असतो तो बघते, आणि टाकून देते. इतकी वर्षं मला वाटत होतं, जगात हे असं करणारी मी एकटीच विकृत बाई. लग्न झालं तेव्हा नवऱ्यालाही चाईच सांगितली. तुझाच शब्द.

गेल्या महिन्यात भोरला आमचं प्रशिक्षण होतं, लहान पोरांच्या मनाच्या आजारांचं. पुण्याहून एक डॉक्टरबाई आल्या होत्या. पडद्यावर त्यांनी चित्र लावलं. ट्रेमधला गोळा. कुणाचा तरी, पण दादांनी सांगितलेला तोच. सगळ्या सेविका “ई गं बाई” करून तोंडाला पदर लावायला लागल्या. डॉक्टरबाई शांतपणे सांगत होत्या. काही मुलं केस तोडतात, काही ते गिळतात, काही नखं रक्त येईस्तोवर कुरतडतात, काही खपल्या काढतात, पापण्या उपटतात. हे एकाच गोत्रातलं आहे म्हणाल्या. हा हट्ट नाही, वाईट वळण नाही, बाहेरचं तर मुळीच नाही. पोट केस पचवू शकत नाही, ते साठत जातात. रागावलं, मारलं, हात बांधले तर वाढतं. आधी त्या लेकराला आपला हात कधी उचलतो ते ओळखायला शिकवा, मग त्या हाताला दुसरं काहीतरी धरायला द्या, आणि वेळेत डॉक्टरकडं आणा. माझ्या शेजारी भाटघरकडची एक सेविका होती, तिनं आपली कुरतडलेली नखं हळूच मुठीत घेतली. मला तिला हसू नये एवढं कळलं. आणि तीच बाई थोड्या वेळानं माझ्या कानात म्हणाली, “ह्यांना काय ठाऊक. करणीच असती ती. आमच्या शेजारात झालंय असं, पोटातनं केस निघालं.” आणि मी? मी मान हलवली, आई. हो म्हणाल्यासारखी. पोटावर टाके घेऊन बसलेली मी, दुसऱ्यांदा गप्प बसले.

चहाच्या सुट्टीत मी डॉक्टरबाईंना गाठलं. विचारलं, पोरं हे का करतात? त्या म्हणाल्या, नेमकं एक कारण सांगता येत नाही. घराण्यात असू शकतं, ताण असतो, कधी रक्त कमी असतं, कधी काहीच सापडत नाही. मला रागच आला. एवढी शिकलेली बाई, तिलाही सांगता येईना. मला वाटलं होतं, त्या कारण सांगतील आणि मी तेवढं घेऊन काकीकडं जाईन. ते नाहीच मिळालं. मग त्यांनी विचारलं, तुमच्या ओळखीत आहे का कुणी? मी म्हणाले, नाही. बघ, जिभेला वळणच पडलंय. आजार होता म्हणतात तो केस खाण्याचा. ‘न्हाई’ म्हणण्याचा कुठला आजार आहे, ते त्यांनी पडद्यावर दाखवलं नाही.

गेल्या रविवारी गेले. सारोळ्याहून चेलाडीला उतरले, तिथून वेल्ह्याची एसटी, पुढं विचारत विचारत चालत. काका मागंच वारले, हे आपल्याला कळलं होतं आणि तू कुणालाच जाऊ दिलं नव्हतंस. काकी अंगणात नाचणी पाखडत होती. वाकलेली, केस पार विरळ. माझ्याकडं बघून म्हणाली, “कोण गं?”

“मी काकी. भोंगवलीची.”

तिनं सूप खाली ठेवलं. “आली व्हय. कोण गेलं?”

“कुणी न्हाई गेलं. सहज आले.”

“हितं सहज कुणी येत न्हाई,” ती म्हणाली, आणि पुन्हा पाखडायला लागली. मी उंबऱ्याजवळ बसले आणि सगळं सांगितलं. जसं तुला वर लिहिलंय तसं नाही, पार तुटक, मागचं पुढं. सुपाचा आवाज थांबला नाही. मग एकदम थांबला.

“तू खाल्लंस?”

“व्हय.”

“कशाला?”

“ठाऊक न्हाई काकी. खरंच ठाऊक न्हाई. आजार असतो म्हणं.”

“आजार,” ती म्हणाली. नाचणीत बोटं फिरवत राहिली. मला वाटलं, आता शिव्या देईल. द्याव्यात असं वाटत होतं. पण ती म्हणाली, “केस म्या न्हाई घातलं, ते मला ठावं हुतं की गं. पर तुला बघून माजा जीव लई तुटायचा. वाटायचं, असं एक मला आसतं तर. मग तू आजारी पडलीस. मला वाटलं, नजर लागली असंल माजी. केस न्हाई तर नजर. इतकी वर्सं मी तेच धरून बसले. देवाम्होरं नाक घासलं त्यापायी.”

 मी मुळूमुळू रडायला लागले. ती वैतागली. “आता रडतीस कशाला? अन् मला काय सांगतीस? मला बोलली तुजी आय. तिला सांग.”

“आई गेली की, काकी.”

“मला ठावं हाय गेली ती. तरी बी सांग. म्या तिचं केस विंचरलं लगीन होऊन आल्यापासनं. तिला कळाया पायजे.” मग थोड्या वेळानं म्हणाली, “लिहून काढ. तुला येतंय लिवाया.”

एवढ्यासाठी हे लिहिलंय, आई. आता तुला कळलं असं धरून चालते. तू काय म्हणशील याचा अंदाज करायला जाते आणि दर वेळी वेगळंच येतं. एकदा तू रडतेस, एकदा मला उठून जा म्हणतेस, एकदा शांतपणे म्हणतेस, मला माहीत होतं. यातली कुठली तू खरी, ते मला शेवटपर्यंत कळणार नाही. मी ‘न्हाई’ का म्हणाले, तेही पुरतं कळत नाही. मारशील म्हणून नव्हे, तू मारणार नाही म्हणाली होतीस. बहुतेक असं असेल, की तू पहिल्यांदाच माझ्याशी इतक्या जवळ येऊन, इतक्या हळू बोलली होतीस, आणि मी हो म्हणाले असते तर तू सरळ उभी राहिली असतीस. पण हे मी आता शोधून काढलेलं कारण असेल. मी तेव्हा आठ वर्षांची होते.

एवढ्यावर थांबणार होते, पण एक राहिलंय. निघताना काकी मला काही खायला, प्यायला विचारीना. पाणीसुद्धा नाही. मग लक्षात आलं, तिच्या हातचं सहसा कुणी घेत नसणार. वेल्ह्यापर्यंत बोलवा पोचायला कितीसा वेळ लागतो. मीच म्हणाले, “काकी, चहा ठेवा की.” ती चुलीपाशी गेली, गूळ शोधला, फडक्यानं कप दोनदा पुसला. कप माझ्या हातात दिला. मी तो धरला, आणि क्षणभर तशीच राहिले. काकीनं तो माझ्या हातातून काढून घेतला, थोडा बशीत ओतला, आधी आपण प्याली, आणि कप परत माझ्यासमोर ठेवला. अगदी सवयीनं, जसं आपण पाहुण्याला पाट देतो तसं.

“काकी, तसं काय न्हाई,” मी म्हणाले.

“असू दे,” ती म्हणाली. “समदीच बघत्यात.”

मी चहा प्याले, सगळा. हे पत्र तिला वाचून दाखवायचंय, तिनं तसं बजावलंय, पण हे शेवटचं पान मी वाचणार नाही. तुला तेवढं सांगते. मी खरंच बघत होते, आई. चहात केस आहे का ते.